ब्याण्णव किलो आणि छत्तीस तारा

त्या उन्हाळ्यात माझ्या सायकलच्या मागच्या जुन्या चाकाच्या पाच तारा एकेक करून तुटल्या. पाचही वेळा बघणाऱ्यांनी तार पाहिली नाही, मला पाहिलं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, आर्णीच्या एका खाजगी शाळेत शिकवत होते आणि माझं वजन ब्याण्णव किलो होतं. सायकल मामेभावाची जुनी, वाकड्या हँडलची, रेसची. तो पुण्याला नोकरीला लागला तेव्हा माझ्याकडे सोडून गेला. पहाटे यवतमाळ रोडला वीस-पंचवीस किलोमीटर मारून मी शाळेत जायची. दम लागायचा, घाम यायचा, पण त्या वेळात मला कोणी काही म्हणू शकत नसे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. गावोगावी पाहणीच्या गाड्या यायच्या, फोटो काढून जायच्या. अशातच कोणा पुढाऱ्याच्या डोक्यात आलं की खचलेल्या जिल्ह्याला उमेद द्यायची, आणि त्यासाठी सायकल स्पर्धा घ्यायची. यवतमाळहून बोरी अरब आणि परत. बायकांचा गट वेगळा. चौकात फलक लागला. मला त्या फलकाची चीड आली आणि मी त्याच दिवशी नावही दिलं.

चाकं मात्र नवी हवी होती. आत्याने ऐकलं आणि अंगणातूनच ओरडली, "इथं कापूस जळून गेला अन् इले रेसची चाकं पाह्यजे!" माझ्या भावाने त्याच महिन्यात मोबाईल घेतला होता. त्याला कोणीच कापसाची आठवण करून दिली नव्हती. चाकं मी माझ्या पगारातून घेणार होते. तसं मी म्हणाले, तर आत्या म्हणाली, "आधी अंग कमी कर, मंग चाकं घे."

यवतमाळच्या मोठ्या सायकल दुकानात गेले. मालकाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "ताईले ट्रकचं चाक दाखवा लागते." दोघं हसले. मी तेव्हाच निघून यायला हवं होतं. नाही आले. मला चाकं हवी होती आणि असलं हसणं ऐकायची सवय होती.

त्याने भिंतीवरची जोडी काढली. काळी चकचकीत रिम, एका चाकाला वीसच तारा. "नागपूरचे रेसवाले पोरं हेच चालवतात. हलकं फूल, अन् मजबूत."

"मले चालन?" मी सरळ विचारलं.

"काहून नाही चालणार?"

आठव्या दिवशी सकाळी एका खड्ड्यात मागच्या चाकाच्या तीन तारा एकदम गेल्या. रिम वाकून फ्रेममध्ये अडकली आणि मी तोंडावर आपटले. हनुवटीला टाके पडले, मनगट सुजलं. उरलेला रस्ता सायकल खांद्यावर घेऊन चालले.

दुसऱ्या दिवशी ते चाक घेऊन दुकानात गेले. मालक म्हणाला, "ताई, ह्या चाकाले वजनाची मर्यादा असते. पंच्याहत्तरच्या वर नाही चालत."

"मंग विकतानी काहून नाही सांगतलं? मी विचारलं होतं न तुमाले!"

"आता बाईमाणसाले वजन कसं विचारावं? बरं दिसते का ते?"

चार माणसांत माझ्या वजनावर हसणं त्याला बरं दिसत होतं. जिथे माझं हाडच मोडलं असतं तिथे मात्र विचारायची लाज वाटत होती. मी ओरडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण बाहेर रस्त्यावर माणसं थांबली होती. चाक मी त्याच्या काउंटरवर आपटलं. काच फुटली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आर्णीत बस स्टँडमागे एका म्हाताऱ्या चाचांचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान कसलं, लिंबाच्या झाडाला ताडपत्री बांधलेली. तिथे मी मामेभावाचं जुनं चाक घेऊन गेले. चाचांनी आधी विचारलं, "वजन किती?"

"कायले पाह्यजे?" मी फाडकन म्हणाले.

"बेटी, वजन नाही मालूम, तं चाक कसं बांधू?"

"ब्याण्णव."

ते हसले नाहीत. दया पण दाखवली नाही. चपलेचा नंबर ऐकावा तसं ऐकून घेतलं. मग अंगठ्याने एकेक तार छेडत गेले. एक टणकन वाजे, शेजारची भद्द.

"हे देख. अर्ध्या तारा ढिल्या आहेत. ढिली तार दर फेऱ्यात वाकते, सरळ होते, अन् एक दिवस मानेत, वाकल्या टोकापाशी, तुटते. पन्नास किलोवाला बसला असता तरी तुटलीच असती. जरा उशिरा."

मी तिथेच पाटावर बसले. जुन्या चाकाच्या पाच तारा. पाचही वेळा मी मान खाली घातली होती. घरी रात्रीची भाकर सोडली होती. आणि दोष चाक बांधणाऱ्या हाताचा होता! मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप, आणि त्यात माझ्यावरचाही होता.

चाचांनी सामान नागपूरहून बसने मागवलं. दुहेरी भिंतीची अल्युमिनियमची रिम, मागे छत्तीस तारा, पुढे बत्तीस. टोकांना जाड आणि मधे बारीक अशा तारा. टायर एका नंबराने रुंद. "तारा कमी करून हलकं करायचं नाही," ते म्हणाले, "मधून बारीक करून करायचं." दोन दुपारी बसून त्यांनी दोन्ही चाकं बांधली. मग शेजारच्या किराण्याच्या काट्यावर मागचं नवं चाक आणि मोठ्या दुकानातून परत आणलेलं मोडकं चाक दोन्ही ठेवली. नवं दोन केळ्यांइतकं जास्त भरलं. एवढ्यासाठी मला तोंडावर पाडलं होतं.

स्पर्धेत आम्ही अकरा जणी होतो. परतीच्या चढावर मी दोघींना मागे टाकलं आणि पाचवी आले. चाकं सरळच्या सरळ.

बक्षिसं तिघींनाच होती. ती वाटून झाल्यावर माईकवाला म्हणाला, "आता एक खास बक्षीस! आपल्या स्पर्धेतल्या सगळ्यात वजनदार खेळाडूसाठी!" मंडप हसला. स्टेजवर एक प्रेशर कुकर आणून ठेवला होता.

मी वर गेले. माईक ओढून म्हणाले, "मी पाचवी आली. पाचव्या नंबराले बक्षीस नसन तं नसन. हे तुमच्या घरी न्या." खाली उतरले. मागून कोणी एकाने टाळी वाजवली आणि एकटाच वाजवतोय हे कळल्यावर थांबवली.

संध्याकाळी हे सगळं मी चाचांना सांगितलं, तोच राग घेऊन, हात उडवत. त्यांनी सगळं ऐकलं. "कुकर तं चांगला होता," म्हणाले. मला त्यांचाही राग आला.

मग त्यांनी सायकल उलटी केली. "नव्या तारा पयल्या रेसमदी बसतात, जराशा ढिल्या होतात. एकदा कसून घ्यावं लागते. पकड इकडून." मी फ्रेम धरली, आणि ते तारा कसायची चावी घेऊन पहिल्या तारेपासून सुरू झाले.