ट्रस्टीकाकांचा ठसका

ट्रस्टीकाकांना वर्षातून एकदाच ठसका लागायचा, तोही अक्षय तृतीयेला, आमरसाची पातेली झाकून सगळं घराणं ताटकळत बसलेलं असताना. ते बाबांचे चुलतभाऊ. आजोबांनी घोटीची भातगिरणी कुटुंबाच्या ट्रस्टमध्ये ठेवली होती आणि तो दस्त दर वर्षी सर्वांसमोर वाचायचा असा दंडक घातला होता. काका तो उभ्याने वाचत. 'उत्पन्नातून घराण्यातील मुलग्यांचे उच्च शिक्षण व्हावे' हे वाक्य आलं, की ठसका!

माणूस विलक्षण काटेकोर. घरी लागणारा तांदूळही गिरणीतून विकत घ्यायचे. "मी राखणदार, मालक नव्हे," म्हणायचे.

नव्वदच्या दशकात माझा इंजिनिअरिंगला नंबर लागला. बाबांना खर्च झेपणारा नव्हता. काका म्हणाले, "बाळ, दस्तात मुलगे लिहिलंय. गेलेल्या माणसाचा शब्द मी कसा बदलू?" पुढे बारावीला दोनदा गटांगळ्या खाल्लेला माझा भाऊ संजू ट्रस्टच्या खर्चाने पुण्याला गेला आणि मी एकलहऱ्याला टायपिस्ट झाले. त्याच्या ड्रॉइंग बोर्डाचासुद्धा मला हेवा वाटे.

दहाएक वर्षांनी चुलतभावाची केतकी बारावी झाली, आणि काका चक्क वकिलाकडे गेले. सगळ्या सज्ञान लाभार्थ्यांची संमती आणि लहानांसाठी कोर्टाची परवानगी मिळाली, तर कलम बदलता येत होतं. म्हातारपणी त्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. संजूने ऐटीत सही केली. मला कुणी विचारलंही नाही. लाभार्थी फक्त मुलगे ना!

माझा नुसता जळफळाट झाला. तडक जाऊन विचारलं, "काका, हा कायदा माझ्या वेळी नव्हता?"

"होता गं," ते म्हणाले. "मीच कुणाला विचारलं नाही. तू रडत गेलीस, तेव्हापासून ते वाक्य आलं की घसा धरतो माझा."

पुढच्या अक्षय तृतीयेला 'मुलगे व मुली' हे शब्द त्यांनी खणखणीत वाचले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या जागी विश्वस्त म्हणून माझं नाव दिलं. आता दस्त मी वाचते, उभ्यानेच. इंजिनिअर केतकी समोर बसलेली असते. 'व मुली'पाशी आले, की मला ठसका लागतो. तीच पाण्याचा तांब्या घेऊन धावते, पाठीवर हात फिरवते आणि म्हणते, "आत्या, सावकाश."