वस्तादांचा पट्टा आणि कोपराखालचा वळ

दसऱ्याची ती दुपार अजून माझ्या मनातून हलत नाही. नंदुरबारजवळच्या एका ठाण्याची मी प्रभारी होते. मिरवणुकीचा बंदोबस्त लावून नुकती टेकले, तोच गावातल्या आखाड्याजवळून फोन आला: "मॅडम, वस्तादनी पोरवर पट्टा चालवा!"

दांडपट्टा तुम्ही पाहिला असेल. हात आत घालायची कोपरापर्यंतची लोखंडी मूठ, आणि पुढे वेतासारखं वाकणारं लांब पातं. पूर्वी लढाईत वेढला गेलेला गडी त्यानेच वाट काढायचा म्हणतात. आता तो आखाड्यात फिरतो आणि दसऱ्याला पुजला जातो. पूजेतला पट्टा वस्तादांच्या आधी कुणी उचलायचा नाही, ही त्या आखाड्याची शिस्त.

जखमी शिष्य पंचविशीचा. डाव्या खांद्यामागे खोल जखम. फिर्याद सरळ होती: मी रिकाम्या हाताने उभा होतो, वस्तादांनी मारलं. पंचनामा केला, पट्टा जप्त केला. सत्तरीचे वस्ताद ठाण्यात आले आणि एवढंच म्हणाले, "पट्टा मन्हा शे, चूक बी मन्हीच. लिखी ल्या."

"मारलं कसं? उभे कुठे होतात?"

"लिखी ल्या ना, बाई!"

हवालदार म्हणाला, "मॅडम, बाबा कबूल आहेत, मग डोकं कशाला शिणवता? खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावू, उद्या कोर्टात हजर करू."

पण मला पटेना, हो. मारणारा माणूस आधी समोरच्याला शिव्या घालतो. हे तर सारखं विचारत होते, पोराला फार दुखतंय का?

मी तडक आखाडा गाठला. सरावाचा बोथट पट्टा उजव्या हातात चढवला आणि फिरवला. भ्याले, मध्येच हात रोखला. हात थांबला, पण पातं कुठलं थांबतंय! गोल वळून माझ्याच डाव्या खांद्यामागे सपकन बसलं. मूठ काढली, तर कोपराखाली मुठीच्या काठाच्या लोखंडी कडीचा लाल वळ. जुने गडी आधी हाताला कापड गुंडाळतात म्हणे. मला काय ठाऊक!

तशीच दवाखान्यात त्या शिष्याकडे गेले. "उजवी बाही वर कर." त्याच जागी तसाच वळ.

"ते वावरमा लागनं, मॅडम."

"वावरमा? मंग मन्हा हात देख. मी बी वावरमाच गई होती का?"

तो रडायलाच लागला. पूजेतला पट्टा गुपचूप उचलून घरामागच्या गल्लीत एकटाच फिरवत होता. घरचे धावले, त्यांनी पट्टा ओळखला, "वस्तादनी मारं ना?" विचारलं, आणि पूजेचा पट्टा चोरून उचलला हे बापासमोर सांगवेना, म्हणून याने होकाराची मान हलवली. वस्तादांचं म्हणणं वेगळंच: शिष्याचं रक्त आपल्या पट्ट्याने सांडलं, तर दोष शिकवणाऱ्याचा.

सुटल्यावर ते माझ्यावरच चिडले. "पोरनी इज्जत गई ना, बाई!"

"इज्जत परत कमावता येस, बाबा. जेलमा गयेला दिन कोन परत देई?"

ते तसेच रागात निघून गेले. कबुली मिळाली की तपास संपला, असं नव्या अधिकाऱ्यांना वाटतं. मी त्यांना सांगते, माणूस गुन्हा अंगावर का घेतोय ते आधी शोधा. कुणावरच्या मायेपोटी घेत असेल, तरी निर्दोष माणूस आत जाऊ द्यायचा नाही. तो आपल्यावर जन्मभर रागावला तरी चालेल.