दुसरी खिट्टी

दर्ब घल्लेफच्या बाजारात माझ्या दुकानासमोरच्या टपरीत बुशऐब कॉम्प्युटर दुरुस्त करतो. बायको गेल्यापासून तो केबलींशीच बोलतो. लल्ला राडिया या निवृत्त मास्तरीणबाई दर शनिवारी आपला जुना कॉम्प्युटर घेऊन यायच्या. तो सुरूच व्हायचा नाही. बुशऐब रॅमची पट्टी काढायचा, तिची सोनेरी कड खोडरबराने घासायचा आणि परत बसवायचा. काम मिनिटभराचं, पण पुदिन्याचा चहा तासभर चालायचा.

एकदा मी पाहिलं, पट्टी धरून ठेवणाऱ्या दोन खिट्ट्यांपैकी एक तो मुद्दाम उघडी ठेवत होता. म्हणजे घरी जाताना बसच्या धक्क्यांनी पट्टी पुन्हा सुटणारच!

"लाज नाही वाटत?" मी खेकसलो.

"त्या बसल्या की दुकान घरासारखं वाटतं रे," तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी बाई कंबर धरतच आल्या. "उस्ताद, हे धूड आता माझ्याच्याने उचलवत नाही हो."

बुशऐबने चहा ओतायच्या आधीच दोन्ही खिट्ट्या कट्‌कन लावल्या.

आता तो कॉम्प्युटर उत्तम चालत असणार. शनिवारी बुशऐब अजूनही दोन ग्लास मांडतो, आणि मी बाईंच्या स्टुलावर टेकायला गेलो की म्हणतो, "तिथे नको बसूस."