सात उचक्यांची लवंगी

आमच्या साडूंइतका तिखट माणूस मांजर्लीतच काय, उल्हास नदीच्या दोन्ही काठांवर सापडणार नाही. आणि हे मी स्वभावाबद्दल बोलत नाही. स्वभावाने ते श्रीखंड आहेत. तिखट आहे तो त्यांचा वाफा. तळमजल्यावरच्या त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली सहा बाय तीन फुटांची जागा आणि तिच्यात लवंगी मिरचीची बारा रोपं. वाफा मुळात माझ्या मेहुणीचा. ती गेली आणि ज्या माणसाला मेथी-कोथिंबिरीतला फरक कळत नव्हता, तो रोज सकाळी गुडघ्यांवर बसून रोपांची उंची टेपने मोजू लागला. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात आयुष्यभर कटिंग मास्तर होते. गळ्यातली टेप रिटायर झालीच नाही. तिखटपणा मात्र ते उचक्यांत मोजतात. पाहुण्याला मिरची चावायला लावायची, समोर बसून उचक्या मोजायच्या आणि मोजणी संपेपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही. मी गयावया केली की म्हणतात, "साडूभाऊ, पाण्याने उचकी थांबते. घाई कसली?" माझा विक्रम पाचाचा.

गेल्या वर्षी सोसायटीच्या सेक्रेटरींना या वाफ्यावर पेव्हर ब्लॉक टाकून दोन स्कूटर उभ्या कराव्याशा वाटल्या. रविवारी काम सुरू, अशी नोटीस लागली. साडू जेवेनासे झाले. आणि शुक्रवारी नदीच घरात आली. मांजर्लीत ती अधूनमधून येते. लोक टीव्ही, सिलिंडर, कागदपत्रं घेऊन गच्चीवर पळाले. साडू सगळ्यांत शेवटी आले. कारखान्यातल्या रिजेक्ट जीन्सचे पाय खालून सुतळीने बांधून त्यांनी एकेका पायात मातीसकट एकेक रोप बसवलं होतं. पँट मानेवर, दोन पाय छातीवर लोंबताहेत आणि कानांमागून मिरच्या डुलताहेत, अशा सहा खेपा! कठड्याला टेकून सहा बिनडोक्याची माणसं रांगेत उभी राहिली.

"मास्तर, टीव्ही खालीच राहिला की तुमचा!" सेक्रेटरी खिदळले.

"टीव्हीला मिरच्या लागतात का?"

पाणी दोन दिवस हटेना. सगळ्यांची मिळून एकच खिचडी. डाळ, तांदूळ, मीठ आणि देवाचं नाव. तिसऱ्या जेवणाला सगळ्यांच्या नजरा पँटींकडे वळल्या. साडूंनी माणशी एक मिरची वाटली. सेक्रेटरींनी ऐटीत अख्खी चावली आणि पुढच्या क्षणी सगळी गच्ची मोजू लागली, "एक! दोन! तीन!" सातव्या उचकीला टाळ्या पडल्या. सेक्रेटरी डोळे पुसत म्हणाले, "मास्तर... हुक्... अजून एक द्या!"

रविवारी पाणी ओसरलं. नोटीस नदीने नेली होती. ती पुन्हा कोणी लावली नाही. उलट वाफ्यातला गाळ उपसायला पहिलं फावडं सेक्रेटरींनीच मारलं.

परवा संध्याकाळी गेलो तर साडू एकटेच खिडकीत बसून भाकरीबरोबर लवंगी खात होते. त्यांना उचकी लागली. मी चटकन पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो हळूच बाजूला सारला.

"राहू द्या, साडूभाऊ," वाफ्याकडे बघत ते म्हणाले. "आठवण काढतेय. काढू दे."

त्या संध्याकाळी मी उचक्या मोजल्या नाहीत.