ताईचं व्याज

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकात मी सुरतेत कापडाची दलाली करायचो. अमळनेरहून आलेला माणूस, भांडवल कुठलं असणार? दाजी वारल्यावर मोठ्या बहिणीकडे दोन लाख होते — त्यांच्या फंडाचे आणि गावचं घर विकून आलेले. ते मी महिना शेकडा रुपया व्याजाने घेतले आणि कतारगामच्या छोट्या लूमवाल्यांना दोन रुपयांनी दिले. जम बसला.

मग इन्कम टॅक्सची नोटीस आली. साहेब म्हणाले, मिळालेल्या सगळ्या व्याजावर कर भरा. मी म्हणालो, पैसे बहिणीचे. तिला देतो ते व्याज वजा करा, उरेल त्यावर भरतो. कायदा माझ्याच बाजूने होता. फक्त — ते व्याज खरंच दिलेलं असायला हवं होतं.

दिलं होतं का? पाच वर्षांत रुपयाही नाही. पावत्या मात्र होत्या. कोऱ्या कागदांवर तिच्या सह्या मीच घेतल्या होत्या.

साहेबांनी तिला बोलावलं. सुरतेजवळच्या चलथाणहून बसने आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. साहेबांनी विचारलं, "भाई ब्याज देता है?"

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "दर दिवाळीले देस मना भाऊ."

जिंकलो. सगळं व्याज वजा झालं. किलोभर घारी, सुरतेची ती तुपातली मिठाई, घेऊन मी बाजारात वाटली. ज्या व्यापाऱ्यांनी कधी खुर्ची दिली नव्हती ते पाठ थोपटत होते. त्या वर्षी स्वतःचे दोन लूम टाकले. आणि खरं सांगू? तो दिवस आठवला की आजही छाती फुगते. लाज वाटायला हवी ना — पण आधी आनंदच होतो. कबूल करायचंय ते हेच.

ऑफिसच्या पायऱ्या उतरताना ताईने व्याजाचं हळूच विचारलं होतं, "आते देशी ना, बापू?"

"दिवाळीला," मी म्हणालो.

पुढे चौदा दिवाळ्या ती लोकांचे पापड लाटत राहिली. पुन्हा विचारलं नाही. मीही दिलं नाही. तिचं तेरावं झाल्यावर नुसते मुद्दलाचे दोन लाख तिच्या मुलाच्या हातात ठेवले. मामाने एक पैसाही बुडवला नाही, असं म्हणत तो सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला.

मी त्याला आशीर्वाद दिला.