पेन्शनच्या खिडकीतला प्रश्न

पनवेलच्या ट्रेझरीत विधवांच्या पेन्शनचे कागद एकच कारकून बघत. दाखल्यावर बोट ठेवून, घसा खाकरून ते दरवर्षी विचारत, "बाई, पुन्हा लग्न केलंत का?" बाहेर ऊन आहे का विचारावं, तसं. होय म्हटलं की पेन्शन बंद, आणि मुलांची शाळाही.

यंदाही मी नाही म्हटलं. पंधरवड्यापूर्वीच मी गुपचूप लग्न केलं होतं. सही करताना, साबण लावूनही न निघालेली एक हिरवी बांगडी मनगटावर घसरली. ते तिच्याकडे बघत राहिले. मग सहीवर टीपकागद दाबून हळूच म्हणाले, "पदर हातावर घ्या."

त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. तरी बाजारात ते दिसले, की माझा रिकामा हातसुद्धा पदराखाली जातो.