पहिली रांग हलणार नाही

माझ्या सासऱ्यांनी आजवर एकही वाकडी रांग दिसल्यावर तशीच सोडून दिलेली नाही. ते पारनेर तालुक्यातल्या एका शाळेत पीटीचे शिक्षक होते. निवृत्त होऊन सावेडीत राहायला आले तेव्हा शाळा मागं राहिली, पण पीटी मात्र सामानाच्या टेम्पोत बसून त्यांच्याबरोबर आली. एटीएमपुढं चार माणसं उभी असली की हे पाचवे जाऊन उभे राहतात, आणि पुढच्या चौघांत एकेक हात अंतर पडेपर्यंत त्यांना चैन पडत नाही. लग्नाच्या पंक्तीत ते आधी जेवायला बसतच नाहीत. टोकाला उभे राहून एक डोळा मिटून पंगत बघतात, आणि मधल्या कुणाचं पोट पुढं आलेलं असलं तर ते मागं गेल्याशिवाय वाढप्याला वरण पुढं नेऊ देत नाहीत. आम्ही पाच जण मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हा त्यांनी आम्हाला उंचीप्रमाणे बसवलं. सहा फुटी मावसभाऊ मानाच्या खुर्चीवर आणि मी दाराजवळच्या प्लास्टिकच्या स्टुलावर. मुलगी पोहे घेऊन आली, पहिली बशी तिनं मावसभावाला दिली आणि कार्यक्रम संपेपर्यंत चोरून त्याच्याकडंच बघत राहिली. दोन दिवसांनी होकार आला. तो नक्की कुणाला होता हे मी अजून विचारलेलं नाही.

अशा माणसाच्या हाती ऑनलाइन शीट लागली. निमित्त साधंच होतं. त्यांच्या सोसायटीत उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालण्यावरून बायकांची कुरबुर व्हायची, म्हणून माझ्या बायकोनं वडिलांना सुचवलं की पाळ्यांची एक शीट करा आणि सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवून द्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सासऱ्यांनी जवळजवळ टीव्हीएवढा मॉनिटर घेतला होता. त्यावर उभ्या-आडव्या रेघांचं ते कोरं पान उघडलं, आणि फक्की न टाकता आखलेलं एवढं मोठं मैदान बघून सासऱ्यांनी एक डोळा मिटून रेघा तपासल्या. मग म्हणाले, "हे इतकी वर्षं कुठं होतं?"

त्या दिवसापासून त्या शीटमध्ये कवायत सुरू झाली. रकान्याची रुंदी वाढवायची म्हणजे 'अंतर घ्या'. चुकून काही पुसलं गेलं तर ते परत आणणारा जो वाकडा बाण असतो, त्याला ते 'जैसे थे' म्हणतात, आणि तो दाबताना तोंडानंही खणखणीत 'जैसे थे!' म्हणतात, त्यामुळे आतल्या खोलीत सासूबाईंच्या हातातला चमचा थांबतो. दोन चौकोन जोडून एक करायला त्यांचा सक्त विरोध आहे. "एका जागेवर दोघांनी उभं राहायचं नसतं," असं ते म्हणतात. कुणाची रांग कायमची काढून टाकणंही त्यांना मंजूर नाही. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी सोसायटीची शिडी नेली आणि परत आणून दिली नाही, तेव्हा सासऱ्यांनी त्यांची रांग फक्त लपवली. डावीकडचे आकडे अकरावरून एकदम तेरावर गेलेले सगळ्या इमारतीला दिसत होते. मी म्हटलं, सरळ पुसून टाकायचं की. तर म्हणाले, "जावईबापू, पोराला शाळेतून काढायचं नसतं. वर्गाबाहेर उभं करायचं असतं." दोन दिवसांत शिडी आली आणि बारावी रांग वर्गात येऊन बसली.

पण त्यांना खरा आनंद झाला तो रांग फ्रीज करता येते हे कळल्यावर. शीट लांबलचक असली आणि आपण खाली खाली जात राहिलो, की सगळ्यात वरची शीर्षकांची रांग दिसेनाशी होते आणि कुठला रकाना कशाचा हे कळत नाही. म्हणून ती रांग वरच्या वर थांबवून ठेवायची, बाकीच्या तिच्याखालून सरकत राहतात. बायकोनं हे करून दाखवलं तेव्हा सासरे खुर्चीतून उठून उभे राहिले. "म्हणजे पहिली रांग सावधान, बाकीच्यांनी कदमताल!" ते म्हणाले, आणि मग सबंध संध्याकाळ खाली-वर, खाली-वर जात ती हलते का ते बघत बसले. ती हलली नाही. सासूबाईंनी जेवायला दोनदा हाक मारली. शेवटी मला म्हणाल्या, "ह्यांना मानसं दिसतच न्हाईत बगा. रांगा दिसत्यात."

सासूबाईंचं हे म्हणणं मात्र पूर्णपणे खरं नव्हतं.

गावाकडं सासरे धरून तीन भावांची मिळून एक विहीर आहे. सासऱ्यांच्या वडिलांनी ती खोदली. तिच्यावर थोरल्यांचं रान भिजतं, धाकट्यांचं रान भिजतं आणि सासऱ्यांच्या वाटणीची लिंबाची थोडी झाडं भिजतात. पाण्याच्या पाळ्या थोरले भाऊ ठरवायचे, आणि त्या ठरवण्याची पद्धत म्हणजे बांधावर उभं राहून एक आरोळी. ती कुणी मोडत नसे. हे थोरले एकदा सासऱ्यांची शाळा बघायला पंधरा ऑगस्टला आले होते. मैदानाच्या कडेला उभे होते. सासऱ्यांनी 'सावधान' म्हणून जी गर्जना केली ती ऐकून थोरल्यांनी टोपी नीट केली आणि पोरांच्या शेवटच्या रांगेच्या टोकाला जाऊन ताठ उभे राहिले. पोरांत खसखस पिकली, पण थोरले हलले नाहीत. झेंडावंदन, भाषणं, सगळं संपेपर्यंत तसेच. नंतर सासऱ्यांनी विचारलं तर म्हणाले, "तू येवढ्या जोरात सांगितलंस. म्हनून हुबा ऱ्हायलो." ही गोष्ट सासरे आम्हाला दर वर्षी सांगतात, आणि आम्ही दर वर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकतो.

गेल्या पावसाळ्यात थोरले गेले. शेवटी शेवटी सासरे त्यांच्या खाटेजवळ बसून असायचे. एकदा थोरल्यांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "आपल्या हिरीवर आजपातूर तंटा झाला न्हाई. पुढंबी हू देऊ नको." सासऱ्यांनी शब्द दिला. आता भावासारखी आरोळी काही त्यांना सावेडीतून मारता येणार नव्हती, म्हणून दहावं-तेरावं झाल्यावर त्यांनी विहिरीच्या पाळ्यांची शीट केली. वार, पाळी कुणाची, कुठलं रान, कुठलं पीक, लाइट कधी येणार, सगळं. वरची शीर्षकांची रांग फ्रीज केली. मग त्यांना वाटलं, ज्यांनी विहीर खोदली ते वर असायला हवेत, म्हणून त्याखाली वडिलांचा फेट्यातला फोटो. वडील आले म्हटल्यावर आई आलीच. आणि तिच्याखाली थोरले. फोटो नीट दिसावेत म्हणून त्या तिन्ही रांगा ऐसपैस उंच केल्या आणि त्याही फ्रीज करून टाकल्या. त्यांच्या त्या टीव्हीएवढ्या मॉनिटरवर वर तिघं आणि खाली पाळ्या, असं सगळं फार देखणं दिसत होतं. थोरल्यांचा मुलगा संपत आणि धाकटे भाऊ, दोघांनाही त्यांनी शीट पाठवली. दोघांकडूनही मोबाईलवर हात जोडलेलं चित्र आलं. दर महिन्याला नवी पाळी लिहून ते कळवायचे आणि दर महिन्याला दोघांचे हात जोडलेले यायचे. "विरोध नाही," सासरे समाधानानं म्हणायचे. पाऊस चांगला झाला होता, विहीर भरलेली होती, कुणीही कधीही मोटर चालू केली तरी चालत होतं. सासऱ्यांना मात्र वाटत होतं की विहीर शीटवर चालली आहे.

माघात पाणी खाली गेलं आणि कांद्याला पाण्याची गरज पडली. एके दिवशी संपतनं मोटर चालू केली, धाकट्यांनी ती बंद केली, मग संपतनं फ्यूज काढला आणि खिशात घालून घरी निघून गेला. धाकट्यांचा फोन आला. "मधी भित घाला हिरीत. व्हऊन जाऊ द्या वाटनी." सासऱ्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "शीट उघडून बघितली होतीस का?" "उघडली हुती की," धाकटे म्हणाले. "मग?" "मग काय, दर्शन झालं."

सासऱ्यांना हा उद्धटपणा वाटला. दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीतून आम्ही तिघं गावाला गेलो. सासरे, बायको आणि मी. वाटेत पुढं जाणारे ट्रकही सासऱ्यांनी सरळ करायला सांगितले नाहीत. विहिरीवर संपत आणि धाकटे एकमेकांकडं पाठ करून उभे होते. सासऱ्यांनी आधी त्यांना एका रांगेत उभं केलं. "पाळी शीटमध्ये लिहिलेली आहे," ते म्हणाले. "ज्याला वाचता येत नाही त्यानं हात वर करावा."

संपतनं हात वर केला नाही. त्यानं मोबाईल काढून पुढं धरला. "काका, तुमीच दाखवा. ह्यात पाळी कुठं हाय?"

त्या एवढ्याशा पडद्यावर वर आजोबा, मध्ये आजी आणि खाली थोरले होते. थोरल्यांच्या खाली फोन संपत होता. सासऱ्यांनी अंगठ्यानं वर सरकवून बघितलं. कुणी हललं नाही. खाली सरकवून बघितलं. तरी नाही. फ्रीज केलेल्या रांगांनी सगळा पडदा भरला होता, पाळ्यांना डोकं वर काढायला जागाच उरली नव्हती.

"मला वाटलं, तुमी आठवन म्हनून धाडलंय," संपत म्हणाला. "रोज सकाळी उघडतो आन पाया पडतो."

"मीबी," धाकटे म्हणाले.

सासरे विहिरीच्या कठड्यावर बसले. बायको त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, फ्रीज काढावं लागेल. फक्त शीर्षकांची रांग ठेवू."

"आणि दादा?"

"ते शीटमध्येच राहतील. फक्त खाली जाताना वर सरकतील."

जन्मभर शाळेतलं पुस्तकी मराठी बोलणारे सासरे विहिरीत बघत म्हणाले, "त्यो कधी हलला न्हाई गं."

मला त्यांच्याकडं बघवेना, म्हणून मी लिंबाच्या झाडांकडं बघत राहिलो. शेवटी त्यांनी बायकोचा फोन घेतला, तिनं दाखवलं त्या जागी स्वतः बोट ठेवलं आणि रांगा मोकळ्या केल्या. मग अंगठा वर सरकवला. आजोबांचा फेटा गेला, आजी गेली, आणि थोरल्यांची टोपी शीर्षकांच्या रांगेखाली हळूहळू दिसेनाशी झाली. सासऱ्यांचं बोट 'जैसे थे'च्या बाणावर गेलं आणि तिथं थांबलं. आम्ही सगळे त्या बोटाकडं बघत होतो. पण त्यांनी ते दाबलं नाही. फोन संपतकडं दिला आणि म्हणाले, "वाच."

संपतनं वाचलं. भांडण झालं त्या दिवशीची पाळी ना त्याची होती ना धाकट्यांची. ती सासऱ्यांच्या लिंबांची होती. दोघांनीही माना खाली घातल्या. संपतनं खिशातून फ्यूज काढून धाकट्यांच्या हातात दिला आणि धाकट्यांनी तो बसवला. "लिंबं थांबतील," सासरे म्हणाले. "आधी कांदे भिजवा. आज संपत, उद्या तू." जाताना धाकट्यांनी संपतला विचारलं, घरी च्या ठेवलाय का, आणि दोघं बांधावरून एकामागं एक, अगदी सरळ रांगेत चालत गेले. सासऱ्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

तेव्हापासून विहीर खरोखरच शीटवर चालली आहे. घरातला म्हणून मलाही ती शीट बघता येते. त्यात आणखी कोण आहे ते कळतं. ज्याचं बोट ज्या चौकोनावर असेल त्याभोवती त्याच्या रंगाची चौकट दिसते. सकाळी चहा घेता घेता मी कधी कधी ती उघडतो. अगदी वर, थोरल्यांच्या फोटोभोवती, हिरवी चौकट आलेली असते. ते सासरे. थोड्या वेळानं तिथंच एक निळी चौकट येते, ती संपतची. दोघंही काही लिहीत नाहीत, काही बदलत नाहीत. मग निळी चौकट खाली पाळ्यांकडं निघून जाते. हिरवी मात्र माझा चहा संपला तरी तिथंच उभी असते.